वाघ विरुद्ध गवा: न लागलेली जोड

न्हावा शेवा बंदराच्या पार्किंग प्लाझात अंधार पडला की ट्रेलरांच्या रांगा लांबत जातात. कुणाचा बंदरात शिरायचा फॉर्म तेरा आलेला नसतो, कुणाच्या जहाजाचं गेट उघडलेलं नसतं. ड्रायव्हर मंडळी चहाच्या टपरीपाशी मोबाइल काढून बसतात. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'झुंज' हा विषय सांगितला तेव्हा मी उरणच्या बाजूला होतो आणि अशाच एका टपरीवर चहा घेत होतो. एका मोबाइलभोवती सहा-सात डोकी जमली होती. पडद्यावर संगणकानं बनवलेला वाघ आणि तसाच बनवलेला गवा एकमेकांवर धावून जात होते. खाली दोघांची वजनं आणि ताकदीचे गुण. पैज लागली होती. बहुतेकांचा कौल वाघाला होता, एक पोरगा मध्येच आफ्रिकेतला सिंह आणू पाहत होता. राधानगरी तालुक्यातले एक वयस्क ड्रायव्हर कोल्हापूरकडच्या कारखान्याची साखर घेऊन आले होते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कुस्ती हाय व्हय ही? आन जोड कुणी लावली?"

मला त्या सगळ्या गलक्यात हाच प्रश्न खरा वाटला. कोल्हापूरच्या माणसाला जोड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वजन, वय, तालीम, आधीच्या कुस्त्या बघून दोन मल्ल समोर आणतात. दोघं हात मिळवतात आणि दोघंही समोरच्याला चितपट करायलाच आखाड्यात उतरलेले असतात. वाघ आणि गवा यांच्यात असा हात कधी मिळवला जातो का? आणि तसा तो मिळत नसेल, तर त्यांच्यात नेमकं काय घडतं?

त्या ड्रायव्हरकाकांनी आपल्या गावचं सांगितलं. "आमच्यात गवं उसात येत्यात. सरीत बसलं की दिसत न्हाईत. बॅटरी मारली की डोळं चमाकत्यात. मग आमी मागं सरतो, त्यो बी सरतो. दोघांस्नी बी घरला जायचं असतंय." एवढ्यात त्यांचा नंबर लागला आणि ते गाडीकडे गेले. मी मात्र गवे पाहायला दाजीपूरच्या जंगलात जायचं ठरवलं.

कागदावरचं वजन

पैज लावणाऱ्यांचा हिशेब आधी नीट समजून घेऊ. पूर्ण वाढलेला गव्याचा नर ६०० ते १००० किलोचा, क्वचित त्याहूनही जड. खांद्याशी उंची पावणेदोन ते दोन मीटर. जगातल्या रानटी गोवंशातला हा सगळ्यात थोराड गडी. वाघाचा नर साधारण १८० ते २५० किलोचा, वाघीण १०० ते १६०. म्हणजे एका गव्याच्या वजनात चार वाघ बसतात. शिंगं, खूर आणि मानेमागचा तो मांसल उंचवटा धरला तर कागदावर गवाच जिंकतो.

आणि तरीही वाघ गवा खातो, नेमानं खातो. डॉ. के. उल्हास कारंत आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे काय मारतात याचा अभ्यास केला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी शिकारीचे अवशेष तपासले, विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून प्राणी ओळखले. वाघानं मारलेल्या भक्ष्याचं सरासरी वजन ९१.५ किलो निघालं. बिबट्याचं ३७.६, रानकुत्र्यांचं ४३.४. वाघाचा ओढा १७६ किलोंहून जड प्राण्यांकडे होता, म्हणजे सांबर आणि गवा यांच्याकडे. चितळ, सांबर आणि रानडुक्कर यांच्यात वाघानं मोठे नर जास्त मारले होते. गव्याच्या बाबतीत मात्र पारडं लहान वयाच्या जनावरांकडे झुकलं होतं.

मोबाइलवरच्या पैजेला ही शेवटची गोष्ट ठाऊक नसते. वाघाला मोठं खाणं हवं असतं, पण गव्याच्या कळपाशी आला की तो त्यातलं कोवळं शोधतो. पूर्ण वाढलेला नर त्यानं मारल्याच्याही नोंदी आहेत, गव्याच्या शिंगांनी वाघ मेल्याच्याही आहेत. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही विरळा आहेत. पैज नेमकी या विरळा प्रसंगावर लागते.

दाजीपूरचा सडा

वैशाखी पौर्णिमेला राज्यभर वनविभाग पाणवठ्यांवर मचाणं आणि लपणं तयार ठेवतो. चांदण्यात रात्रभर बसून पाण्यावर आलेलं जनावर मोजायचं आणि कागदावर लिहायचं, अशी ही जुनी रीत. दाजीपूरच्या जंगलात अशाच एका लपणात मी एका वनमजुरासोबत बसलो. हे कोल्हापूर संस्थानचं जुनं शिकारीचं रान. १९५८ मध्ये इथं गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि १९८५ मध्ये ते वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. वर जांभ्याचे उघडे सडे, खाली दऱ्यांत गच्च सदाहरित झाडी, मध्ये कारवीचे उतार. गवा या तिन्हीचा उपयोग करतो. चरायला सडा आणि गवताचे माळ, दुपारी सावलीला झाडी, आणि पळायची वेळ आली तर कारवी. तिच्या दाट काठ्यांतून माणसाला वाट काढता येत नाही, हजार किलोचा गवा मात्र सरळ निघून जातो.

दिवस मावळताना कळप आला. पुढे एक वयस्क मादी होती. ती झाडीच्या कडेला थांबली, नाक वर केलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिच्यामागे नऊ जनावरं, त्यांत दोन वासरं. वासरं पिवळसर तांबूस रंगाची, पायांत अजून पांढरे मोजे न आलेली. म्हातारीनं पाऊल टाकलं तेव्हा सगळी हलली. पाण्यावर आल्यावर वासरं आपोआप मधोमध गेली. कुणी कुणाला ढकललं नाही, तरी बाहेरच्या बाजूला मोठ्या माद्यांची पाठ होती.

नर तासाभरानं आला, एकटा. काळा कुळकुळीत. तो पाण्याकडे सरळ आला नाही. कळपाशेजारी दुसरा एक तरुण नर चरत होता, त्याच्यापासून काही अंतरावर जाऊन तो आडवा उभा राहिला. मान किंचित खाली, पाठीचा कणा पूर्ण दाखवत. गव्याच्या पाठीवरचा तो उंचवटा मणक्यांच्या लांब वाढलेल्या हाडांमुळे तयार होतो. बाजूनं पाहिलं तर जनावर आहे त्याहून दीडपट दिसतं. वनमजूर कानाशी कुजबुजला, "आडवा उभारला म्हंजे म्हणतोय, बगून घे." तरुण नर थोडा वेळ तसाच आडवा राहिला, मग तोंड फिरवून चरत चरत दूर गेला. शिंगाला शिंग लागलं नाही.

मी झुंज पाहायला गेलो होतो आणि ती अशी संपली. गव्यांच्या नरांमधली बहुतेक भांडणं अशीच मिटतात. अंग दाखवणं हेच त्यांचं शस्त्र. वाघासमोरही ते पहिलं हेच काढतात. नाकातून शिट्टीसारखा मोठा फुत्कार, पाय आपटणं, मग आडवं होऊन उभं राहणं. वाघ दिसला आणि आपण दिसलो हे त्यालाही कळलं की बहुतेक वेळा प्रकरण तिथंच निकालात निघतं. दिसलेला वाघ म्हणजे फसलेली शिकार.

वाघाचा हिशेब

वाघाच्या बाजूनं विचार करा. तो एकटा राहतो. जबड्यातला सुळा तुटला, खांद्यात शिंग घुसलं, पायाचं हाड मोडलं, तर त्याच्यासाठी कुणी शिकार करून आणणार नाही. सिंहांचं तसं नसतं. आफ्रिकेत सिंहांचा कळप केप म्हशीवर तुटून पडतो तेव्हा एखादी सिंहीण जखमी झाली तरी दुसऱ्यांनी मारलेल्यावर ती काही दिवस काढू शकते. क्रूगर राष्ट्रीय उद्यानातली २००४ मध्ये चित्रित झालेली ती प्रसिद्ध चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल: सिंहांनी म्हशीचं वासरू पकडलं, मगरीनं दुसऱ्या टोकाला ओढलं, आणि मग अख्खा कळप परत आला. ती पाहताना लोकांच्या मनात सिंह आणि म्हैस यांची लढत राहते. मला त्यात दिसतं ते हे, की इतक्या सिंहांनी मिळूनही निवडलं होतं वासरूच.

एकट्या वाघाला तर आणखी सांभाळून राहावं लागतं. जॉर्ज शॅलर यांनी १९६०च्या दशकात कान्हात वाघांमागे राहून जे पाहिलं त्यावरून त्यांचा अंदाज होता, की वीस प्रयत्नांत एखादा साधतो. वीस-पंचवीस मीटरपर्यंत न दिसता पोहोचता आलं तरच झेप. चुकली तर थोडं धावून तो सोडून देतो. मोठ्या जनावरावर झेप मागून किंवा बाजूनं पडते. पुढचे पंजे खांद्यावर, आणि जबडा गळ्याखाली. लहान हरणाच्या मानेचा मणका एका चाव्यात मोडता येतो, गव्याची मान तशी मोडत नाही. म्हणून गळा पकडायचा, श्वासनलिका दाबून धरायची, स्वतःचं सगळं वजन खाली लटकवून मान पिळायची आणि जनावराला पाडायचं. पडल्यावर त्याचे खूर आणि शिंगं दुसऱ्या बाजूला राहतील अशा तऱ्हेनं अंग ठेवायचं आणि पकड सोडायची नाही. कित्येक मिनिटं.

या सगळ्यात समोरासमोर उभं राहण्याचा क्षणच नाही. तो आला तर वाघाचं काम बिघडलं असं समजायचं. एकदा जमलं तर २०-३० किलो मांस एका बैठकीत, मग झाडीत ओढून, पालापाचोळा टाकून, तीन-चार दिवस तिथंच. वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं वाघाला लागतात. पन्नास वेळा गळा धरायचा आणि एकदाही शिंग लागू द्यायचं नाही, अशी ही नोकरी आहे.

बांधून लावलेल्या झुंजी

माणसाला मात्र समोरासमोरचीच झुंज हवी असते आणि ती होत नसेल तर तो घडवून आणतो. रोमच्या आखाड्यांत हे झालं, लखनौच्या नवाबांच्या दरबारात झालं. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात अस्वल आणि बैल यांच्या झुंजी लावत, तिथं अस्वलाचा पाय बैलाच्या पायाला दोरानं किंवा साखळीनं बांधावा लागे. बांधलं नाही तर दोघं आपापल्या वाटेनं निघून जातात, हे खेळ लावणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. या एका दोरात सगळ्या काल्पनिक लढतींचं उत्तर आहे असं मला वाटतं.

कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या काळात हत्तींची साठमारी होई, तिची जागा आजही त्याच नावानं ओळखली जाते. गोव्यात धिरयो होती, दोन बैलांची किंवा रेड्यांची टक्कर. उच्च न्यायालयानं ती नव्वदच्या दशकात बंद केली, तरी तिचा विषय तिथं निवडणुकीच्या तोंडावर हमखास निघतो. धिरयोत निदान जोड असते. दोन्ही नर, दोन्ही एका जातीचे, दोघांनाही दुसऱ्याला मागं रेटायचं असतं, आणि एकानं पाठ दाखवली की संपलं. त्याच गोव्याचा राज्यप्राणी गवा आहे.

गव्याला खरोखर कुणी पाडलं

गव्याला वाघापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणात एका रोगानं मारलं आहे. बुळकांडी. पाळीव गुरांतून जंगलात गेलेला हा विषाणू कळपच्या कळप झोपवायचा. १९६८ मध्ये बंदीपूर, मुदुमलाई या दक्षिणेतल्या जंगलांत गव्यांची त्यानं दाणादाण उडवली होती. गुरांच्या लसीकरणाची मोहीम दशकानुदशकं चालली आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. गावोगाव फिरलेल्या पशुवैद्यकांनी गव्यांचे जितके जीव वाचवले तितके कुठल्या कुंपणानं वाचवले नसतील. लाळ्या-खुरकुताची धास्ती अजून आहे, कारण अभयारण्याच्या कडेला गावची गुरं आणि गवे एकाच पाण्यावर येतात.

रानम्हशीचं तर आणखी वाईट झालं. मध्य भारतात एकेकाळी पसरलेलं हे जनावर महाराष्ट्रात आता गडचिरोलीच्या टोकाला, कोलामार्काच्या जंगलात उरलं आहे. तिच्या शिंगांचा पसारा जगातल्या कुठल्याही रानटी गोवंशापेक्षा मोठा. वाघाला त्या शिंगांनी अडवता येतं. शेतीखाली गेलेली नदीकाठची कुरणं, गुरांचे रोग आणि पाळीव म्हशींशी होणारा संकर यांच्यापुढे त्या शिंगांचा उपयोग झाला नाही.

आणि ९ डिसेंबर २०२०. पुण्याच्या कोथरूडमध्ये, महात्मा सोसायटीच्या परिसरात सकाळी एक गवा आला. पुढचे काही तास सगळ्या वाहिन्यांनी दाखवले. गर्दी, आरडाओरडा, गाड्या, बंद फाटकांवर आपटणारं ते प्रचंड जनावर, दोर, भुलीचं इंजेक्शन. त्याच दिवशी तो मेला. काळ्या कातडीचं एवढं वजनदार शरीर सतत धावत राहिलं की आतून तापत जातं. भीतीनं स्नायू आखडतात, त्यावर भूल चढली की शरीराला स्वतःला थंड करता येत नाही. दोन आठवड्यांत पुण्याच्याच पश्चिमेला दुसरा गवा दिसला. या वेळी लोकांना लांब ठेवलं, त्याला वाट मोकळी करून दिली आणि तो जंगलाकडे निघून गेला. पहिल्या गव्याची आठवण आली की आजही मला राग येतो, कारण त्याला दुसरं काहीच नको होतं, वाट हवी होती.

गवा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडे उसात आणि भातात शिरलेला कळप एका रात्रीत शेतकऱ्याचं वर्ष खातो. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, भरपाईची फाइल पुढं सरकते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस मेला तर शासन कुटुंबाला मदत देतं. त्या यादीत वाघ, बिबट्या आणि अस्वल यांच्या पंगतीत गवाही आहे. तो तिथं असणं बरोबरच आहे. बांधावर अचानक, दहा पावलांवर समोर आलेला नर आडवा उभा राहत नाही.

वाघबारस

दिवाळी आपण वसुबारसेनं सुरू करतो, गाय-वासराची पूजा करून. त्याच दिवशी, आश्विन वद्य द्वादशीला, अकोले, जुन्नर, आंबेगावच्या डोंगरांत आणि ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत वाघबारस असते. महादेव कोळी, ठाकर, कोकणा, वारली गुराखी वेशीवरच्या वाघोबापाशी जमतात, खीर रांधतात, नैवेद्य दाखवतात. काही गावांत पोरं वाघ, कोल्हा, अस्वल होतात, बाकीचे त्यांना आमच्या शिवारात पुन्हा येशील का म्हणून दरडावतात आणि पिटाळून लावतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात वाघोबाची १५० ठाणी नोंदवलेली आहेत. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य.

हिंस्र श्वापद आणि गुरं यांच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी विचार केला ती ही माणसं. गाय आणि वाघ यांना त्यांनी एकाच दिवशी पुजलं. कोण जिंकेल असं ते विचारत नाहीत. त्यांची मागणी हद्दीची असते: तू तुझ्या रानात राहा, आमच्या गोठ्यात येऊ नको, चुकून आलास तर एखादं जनावर नेशील हे आम्हाला ठाऊक आहे. राधानगरीकडच्या उसाच्या शेतात बॅटरी घेऊन मागं सरणारा शेतकरी हेच वेगळ्या रीतीनं करत असतो.

चांदोलीत आता

ही चर्चा एवढी लांबवण्याचं कारण असं, की सह्याद्रीत ती आता काल्पनिक राहिलेली नाही. चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला. सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. नावात व्याघ्र होता, पण तिथं ठाण मांडून पिल्लं देणारी वाघीण नव्हती. अधूनमधून एखादा नर कॅमेऱ्यात यायचा. २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्यातली एक तरुण वाघीण चांदोलीत आणली गेली. म्हणजे बांबू आणि चितळांच्या सपाट प्रदेशात वाढलेली वाघीण आता कारवी, सडे आणि गव्यांच्या प्रदेशात आली. गवे ताडोब्यातही आहेत, तिला ते अगदीच अनोळखी नाहीत.

गव्यांची गोष्ट वेगळी. चांदोलीत पुनर्वसित गावांच्या जुन्या भातखाचरांत आता गवत आहे आणि त्यात कळप चरतात. इथं आज चरणाऱ्या कळपांनी तिच्याआधी कायम राहणारी वाघीण पाहिलेली नव्हती. बिबट्याला ते मोठे झाल्यावर जुमानत नाहीत, रानकुत्र्यांपासून वासरू सांभाळावं लागतं एवढंच. मोठ्या मादीला, एकट्या नराला झाडीच्या कडेला थांबायचं कारण राहिलेलं नव्हतं. दाजीपूरच्या त्या म्हातारीनं नाक वर करून जो वेळ घेतला, तो आता इथल्या कळपांनाही घ्यावा लागेल. उघड्या माळावर जास्त वेळ काढायचा की कडेला राहायचं, वासरांना घेऊन कुठल्या पाण्यावर जायचं, चार जणांनी चरायचं की दहा जणांनी, हे सगळं बदलू शकतं. गवत कुठं खाल्लं जातं आणि कुठं वाढतं, हेही त्याबरोबर बदलतं. वाघाचा परिणाम त्याच्या मारण्याइतकाच त्याच्या असण्यानं होतो, म्हणून माझ्या मते सह्याद्रीत तो हवा.

हे समजायचं कसं, असं मी एका वनरक्षकाला विचारलं. वाघाच्या गळ्यात कॉलर असली की त्याची ठिकाणं नकाशावर ठिपक्यांनी उमटतात. ठिपके एकाच जागी दोन-तीन दिवस दाटले, की तिथं शिकार आहे असं धरायचं. वाघ हलल्याची खात्री झाली की माणसं पायी जातात. कातडीचा तुकडा, केस, खूर, शिंगाची जाडी पाहतात. मांडीचं हाड फोडून आतली मज्जा बघतात. ती घट्ट आणि पांढरी असली तर जनावर धडधाकट होतं, पातळ आणि लालसर असली तर उपाशी किंवा आजारी. आणि जबडा. दुधाचे दात असले तर वासरू, दाढा झिजून सपाट झाल्या असल्या तर म्हातारं, धारदार असल्या तर भर जवानीतलं. "शिंग किती मोठं हे सगळे विचारतात," तो म्हणाला, "आम्ही आधी दात बघतो." मग जागा, तारीख, नर की मादी, अंदाजे वय, मज्जेचा रंग आणि गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा, या क्रमानं शिकारीच्या नोंदीचा अर्ज भरला जातो.